टाके नको मोजूस

"पोट उघडून ऑपरेशन करू असं रुग्णाला सांगताना मागासल्यासारखं वाटतं," हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णाबद्दल तू पत्रात लिहिलेलं वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. रोबोटिक शस्त्रक्रिया शिकायच्या फेलोशिपचं नंतर बघू.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बिणीतून रॅडिकल हिस्टरेक्टॉमी करणं, म्हणजे गर्भाशय भोवतालच्या भागासकट काढणं, हा माझा अभिमान होता. रक्त कमी जायचं, बाई लवकर घरी जायची. त्यातली एक सव्वा वर्षाने परत आली. पोटावरचे व्रण शोधावे लागले, इतके पुसट. आतून तपासताना योनीच्या टोकाची गाठ मात्र बोटाला लगेच लागली. "आजारच तसा आहे," असं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं.

२०१८ मध्ये या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या लॅक चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६. तिचा आजार त्यामुळेच उलटला का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण मी टाके मोजले, खाटेवरचे दिवस मोजले. बाई किती जगली ते मोजलं नाही. तेव्हा मोठी तुलनात्मक चाचणीच झाली नव्हती, हे खरं आहे. आम्ही सगळेच तसं करत होतो. पण चाचणी झालेली नाही, एवढं तरी मला ठाऊक होतं ना!

तेव्हा दर वेळी एकच विचार: बाई किती जगली? अंडाशयाच्या प्रगत कर्करोगात, बीआरसीए जनुकांत दोष असलेल्यांना पहिल्या किमोनंतर ओलापारिबची गोळी दिली, तर सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, गोळीविना ४६.५. म्हणून जनुकचाचणी निदानालाच पाठव, आजार उलटायची वाट बघू नकोस. आणि याच गटातल्या गोळ्यांचा, अनेकदा किमो झालेल्यांसाठीचा वापर अमेरिकेत २०२२ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण तिथे आयुष्य घटत असल्याची शंका आली. गोळी तीच! गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या इंटरलेस चाचणीत तर जुनीच किमोची औषधं होती. रेडिएशनआधी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिलं, आणि पाच वर्षांनी हयात असलेल्या ७२ वरून ८० टक्क्यांवर गेल्या. याला मागासलेलं म्हणशील?

रागावले, पण तुझ्यावर नाही. विचारलंस हे बरं केलंस, मी कुणाला विचारलंच नव्हतं.

२०२४ च्या शेप चाचणीनुसार गर्भाशयमुखाच्या दोन सेंटीमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या गाठीत साधी हिस्टरेक्टॉमीही, म्हणजे भोवतालचा भाग न काढता गर्भाशय काढणंही, पुरते. तुझ्या रुग्णाच्या गाठीचं माप पत्रात कुठेच नाही. एमआरआय काढून बस आणि आधी ते कळव.