‘लेफ्ट बिहाइंड’चे वाचक आणि शांतता-कराराची बातमी

‘लेफ्ट बिहाइंड’सारख्या अंतकाळाच्या, म्हणजे बायबलनुसार जगाच्या शेवटी घडणाऱ्या घटनांच्या, कादंबऱ्या वाचून अमेरिकेतील इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द अंतिम मानणारे प्रोटेस्टंट) वाचक संयुक्त राष्ट्रसंघाचा द्वेष आणि इस्रायलचा कैवार शिकतात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते इस्रायलची ओढ त्यांच्यात घरातून आणि चर्चमधून आधीच आलेली असते. कादंबरी त्यात भर घालते ती शांततेची भाषा बोलणाऱ्या मुत्सद्द्याविषयीच्या संशयाची.

टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांच्या या मालिकेचा पहिला भाग १९९५ साली निघाला आणि पुढे सर्व भागांच्या मिळून सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. लंडनकडे निघालेल्या विमानातले कित्येक प्रवासी एकाएकी नाहीसे होतात आणि आसनांवर त्यांचे कपडे तेवढे उरतात, कारण ख्रिस्ताने आपल्या भक्तांना स्वर्गात उचलून नेलेले असते, हा आरंभ सर्वांच्या लक्षात राहतो. राजकारणाच्या दृष्टीने मात्र निकोलाय कार्पाथिया अधिक महत्त्वाचा. हा देखणा, अनेक भाषा सफाईने बोलणारा रुमानियन पुढारी राष्ट्रसंघाचा महासचिव होतो, देशांना नव्वद टक्के शस्त्रे नष्ट करून उरलेली राष्ट्रसंघाच्या हवाली करायला लावतो, इस्रायलशी सात वर्षांचा करार करतो, आणि तोच ख्रिस्तविरोधक, म्हणजे अंतकाळी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, ठरतो. निःशस्त्रीकरण, जगाचे एक चलन, सर्व धर्मांचे ऐक्य, हे सारे येथे सैतानाच्या खाती जमा आहे. भागामागून भाग असे वाचलेल्या माणसाला खऱ्याखुऱ्या वाटाघाटींच्या बातमीतही सापळा दिसू लागला, तर नवल नाही.

अंतकाळातील घटनाक्रमाची ही मांडणी अर्थात कादंबरीकारांची नव्हे. ती एकोणिसाव्या शतकातील धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांची असून १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधील टिपांनी ती अमेरिकेत घरोघरी नेली. यहेज्केल या बायबलमधील ग्रंथात इस्रायलवर चालून येणारा गोग नावाचा शत्रू आहे; १९७० साली लेखक हॅल लिंडसी यांनी तो सोव्हिएत संघात पाहिला. तो संघ कोसळल्यावर मुख्य खलनायकाची जागा राष्ट्रसंघाकडे आली. (रशियाचा हल्ला लाहे यांनी पहिल्याच भागात उरकून टाकला आहे.)

तरीही वाचक म्हणजे कोरी पाटी नव्हे. अॅमी जॉन्सन फ्रायकहोम यांनी वाचकांशी बोलून २००४ साली लिहिलेल्या अभ्यासात दिसते की ही पुस्तके नातेवाईक आणि चर्चमधील मंडळी यांच्यात हातोहात फिरतात आणि त्यांचे अर्थही वेगवेगळे लावले जातात. शिवाय रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या शिकवणीला मानणाऱ्या प्रोटेस्टंट) परंपरेतील अनेकांना हे अंतकाळाचे वेळापत्रकच मान्य नाही. १४ मे २०१८ रोजी जेरुसलेममधील अमेरिकी दूतावासाच्या उद्घाटनात प्रार्थना करणारे अमेरिकी पाद्री जॉन हेगी भविष्यवाणीवर भरपूर बोलतात. परंतु इस्रायलला पाठिंबा का द्यावा हे सांगताना ते वारंवार दाखला देतात तो उत्पत्ती १२:३ चा, अब्राहामाला आशीर्वाद देणाऱ्यांना आशीर्वाद मिळेल या वचनाचा.