पानाची तोंडं कोण मोजून ठेवतंय?

प्रश्न (निपाणीहून एक वाचक): सर, पोरगी नववीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिनं पानांना नेलपॉलिश लावलं, सुकल्यावर सेलोटेपनं ओढून काढलं आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. आंब्याच्या पानाला वरच्या अंगाला काहीच नाही आणि खाली नुसती गर्दी, तंबाखूला दोन्हीकडं, उसालाही दोन्हीकडं पण कुरीनं पेरल्यासारखं सरळ ओळीत. पुस्तकात एवढंच आहे की पर्णरंध्रं असतात. ती विचारतीय, भोकं कुठं पाडायची हे झाड ठरवतंय कसं, आणि प्रत्येकाचं वेगळं का? मला काय सांगता येईना.

उत्तर: आधी पोरीला शाबासकी द्या. नुसतं पुस्तक पाठ करून असा प्रश्न पडत नाही. फक्त तिला एक सांगा, भोक पाडलेलं नसतंय. एका पेशीच्या दोन पेशी होतात आणि त्यांच्यामधली भिंत मधोमध सुटती, ती फट म्हणजे रंध्र. ह्यातूनच पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतंय आणि ह्यातूनच पानातलं पाणी वाफ होऊन जातंय. बाजूच्या दोन पेशी म्हणजे दाराची दोन फळकुटं, आत पाणी शिरून फुगल्या की दार उघडतंय, पाणी गेलं की मिटतंय.

पान अगदी कोवळं असताना त्याच्या कातडीतली एखादी पेशी दुभंगती, पण वाटणी सारखी करत नाही, एक बारकी आणि एक मोठी. ती बारकी म्हणजे उमेदवार, ती आणखी एकदोनदा तशीच दुभंगती आणि दरवेळी एक मोठी बहीण मागं ठेवती जी साध्या कातडीची होती, मग गोल होऊन शेवटी एकदाच बरोबर मधोमध फुटती आणि दाराची जोडी तयार. हे काम तीन मुकादमांच्या हाताखाली चालतंय असं समजा. पहिला काम चालू करतो, दुसरा म्हणतो आता फोडाफोडी बास, तिसरा शेवटची जोडी नीट लावून देतो. मोहरीच्या जातकुळीतल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या बारक्या रोपावर हे तीन जनुक 2006-07 च्या सुमारास उलगडले. नावं ऐकून पोरगी हसेल, स्पीचलेस, म्यूट आणि फामा. स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंड, त्यामुळं पहिला बिघडला की पानाला तोंडंच नाहीत, म्हणून बिचारं अबोल. फामा ही तर रोमन लोकांची अफवांची देवी. शास्त्रज्ञांना विनोदबुद्धी नसती असं कोण म्हणतंय?

आता जागेचं. दोन रंध्रं एकमेकांना चिकटून नसतात, मध्ये निदान एक तरी साधी पेशी असती. दाराच्या पेशींना फुगायला पोटॅशियम आणि पाणी लागतंय, आणि फुगताना शेजाऱ्याला थोडं दाबायलाही लागतंय, म्हणून शेजार साधा पाहिजे. त्यासाठी उमेदवार पेशी बारकी प्रथिनं बाहेर सोडती, 'हितं मी हाय, तू लांब बस' असा निरोप. तो निरोप ऐकणारा एक जनुक आहे, तो बिघडला की रंध्रं घोळक्यानं उगवतात, आणि त्याचं नाव काय, तर टू मेनी माउथ्स.

उसाचं वेगळं आहे कारण ते गवत. गवताचं पान बुडातून वाढतंय, शेंडा जुना आणि बूड कोवळं, पेशी लांबट रांगेत सरकत जातात, म्हणून रंध्रंही रांगेत. दाराच्या पेशी व्यायामाच्या डंबेलसारख्या, दोन टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक, आणि दोन्ही बाजूला एकेक मदतनीस पेशी, त्यामुळं गवताची दारं फटाफट उघडमीट करतात. ह्या मदतनीस कशा येतात ते 2017 साली गव्हाच्या नात्यातल्या एका गवतात दिसलं, म्यूटचं प्रथिन आपल्या पेशीत न थांबता शेजारच्या पेशीत जातंय आणि तिलाही कामाला लावतंय! अरॅबिडॉप्सिसमध्ये ते घरातच बसतंय. मुकादम तोच, फक्त शेजारी फिरायची सवय लागली आणि सगळं दार बदललं, मला तर सगळ्यात भारी हेच वाटलं.

आंब्याला वरच्या बाजूला नाहीत कारण तिथं ऊन सरळ बसतंय, पाणी फुकट जाईल. कमळाचं पान पाण्यावर तरंगतंय, खालून हवाच नाही, म्हणून त्याला फक्त वर. कण्हेरीचं विचारूच नका, टिळकवाडीत आमच्या दारातल्या कण्हेरीच्या पानाला मी बायकोचं नेलपॉलिश अर्धी बाटली संपेपर्यंत लावलं, बोलणी खाल्ली, आणि दिसलं काय तर नुसती लव. रंध्रं खालच्या बाजूला केसाळ खड्ड्यांत लपलेली असतात, तिथं नेलपॉलिश पोचतच नाही. पानफुटी, घायपात, निवडुंग यांनी तर वेळच बदलली, दारं रात्री उघडायची.

हे सगळं 40 कोटी वर्षांहून जुनं आहे, तेव्हाच्या जीवाश्मांतही रंध्रं दिसतात. पावसाळ्यात कंपाउंडवर शेवाळ येतंय बघा, त्याच्या बारक्या दांडीवर बोंडं येतात, काही जातींत त्या बोंडांवर रंध्रं असतात, पानांवर नाही. आणि 2016 साली कळलं की त्यांच्यातही ह्याच मुकादमांचे भाऊबंद काम करतात. त्याच वर्षी उलटं उदाहरण पण मिळालं, समुद्राच्या पाण्याखाली राहायला गेलेल्या झॉस्टेरा नावाच्या वनस्पतीनं रंध्रांचे जनुकच टाकून दिलेत. दार नको तर मुकादम कशाला पोसा.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून): सर, भाताला पाणी लई लागतंय, पाऊस ताण देतोय. एकजण म्हणाला टॉनिक फवारलं की पानाची भोकं कमी होतात आणि पाणी वाचतंय. खरं काय?

उत्तर: तयार पानावरचा आकडा कुठल्याच फवारणीनं बदलत नाही, तो पान कोवळं असतानाच ठरलेला असतोय. तयार पानात होतंय ते फक्त उघडणं-मिटणं.

पण नवीन पानाचा आकडा बदलू शकतो, आणि तो बदलायची खबर जुनी पानं देतात. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, ऊन किती, हे मोठी पानं हेरतात आणि वर कोंबात निरोप धाडतात. 1987 साली वुडवर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं इंग्लंडमध्ये 200 वर्षांत जमवून ठेवलेली 8 जातींच्या झाडांची वाळकी पानं तपासली, तर रंध्रांची दाटी सुमारे 40 टक्के उतरलेली. हवेत गॅस वाढला, कमी दारांत भागायला लागलं.

भातावरही काम झालंय. 2019 साली आयआर-64 ह्या भातात तो 'लांब बस' वाला निरोप वाढवून रंध्रं कमी केली, तर रोपांनी पाणी कमी वापरलं आणि दुष्काळात जास्त दिवस तग धरला. पण ते जनुकात हात घालून केलेलं, बाटलीतून नाही. शिवाय पान त्याच दारांतून घाम गाळून थंड राहतंय, दारं फारच कमी केली तर उन्हात तापणार. तेव्हा टॉनिकचे पैसे ठेवा खिशात.

आणि सकाळी भाताच्या शेंड्यावर थेंब दिसतोय ना, त्याला सगळे दव म्हणतात. बऱ्याचदा ते दव नसतंय, मुळांनी रात्रभर ढकललेलं पाणी पानाच्या टोकाच्या खास भोकांतून बाहेर येतंय, आणि ही भोकं रंध्रांचीच चुलत भावंडं, फक्त ह्यांना दार लावायचं जमत नाही.