डेंग्यूमध्ये रक्तवाहिन्यांची इजा रक्तातून कशी कळते?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट ६०,०००पर्यंत उतरल्या, तरी डॉक्टरांनी त्या चढवल्या नाहीत. मात्र पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पुन्हा पुन्हा तपासत राहिले. ताप गेल्यावरही त्यांनी तिला लगेच घरी सोडले नाही. रक्तवाहिन्यांना इजा झाली की रक्तात काही विशिष्ट घटक वाढतात, असे नंतर वाचनात आले. मग थेट तीच तपासणी का करत नाहीत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांचे लक्ष योग्य आकड्यावर होते, हे आधी सांगते. डेंग्यूत नातेवाइकांची धावपळ प्लेटलेटसाठी होते. पण रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपल्यामुळे रक्तदाब कोसळून.

रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो आणि त्यावर साखर व प्रथिने यांचे नाजूक आवरण असते. तापाच्या पहिल्या दिवसांत ज्याची चाचणी करतात ते एनएस-१ हे विषाणूचे प्रथिन, विषाणू सोबत नसतानाही, या अस्तराला गळके करू शकते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. ते पेशींमधील काही विकरांना (एन्झाइमना) चेतवते, ती विकरे आवरण कापू लागतात आणि आवरणाचा सिंडेकॅन-१ हा घटक सुटून रक्तात येतो. अस्तराच्या पेशी चेतल्या की त्यांच्या सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले अँजिओपोएटिन-२ आणि फॉन विलेब्रांड घटकही बाहेर पडतात. त्यांपैकी पहिला पेशींमधील सांधे सैल करतो, तर दुसरा प्लेटलेटना चिकटायला मदत करतो. तीव्र डेंग्यूच्या रुग्णांत सिंडेकॅन-१ आणि अँजिओपोएटिन-२ वाढलेले आढळले आहेत, म्हणजे आपण वाचलेली माहिती खरी आहे.

तरीही रुग्णाच्या खाटेपाशी या तपासण्यांचा आज फारसा उपयोग नाही. त्या बहुतांशी संशोधनाच्या प्रयोगशाळांतच होतात, निकालाला वेळ लागतो आणि कोणत्या आकड्यापुढे धोका मानायचा याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. शिवाय हे घटक डेंग्यूपुरते नाहीत. जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा मलेरिया तीव्र झाला तरीही ते वाढतात. फॉन विलेब्रांड घटक तर निरोगी माणसांतही सारखा नसतो : ओ रक्तगटाच्या व्यक्तींत तो इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो, तर वय, गरोदरपण आणि शारीरिक श्रम यांमुळे वाढतो. अशा एकाच आकड्यावरून घाबरणे जसे चुकीचे, तसे निश्चिंत होणेही चुकीचेच.

पीसीव्ही मात्र गळतीचा परिणाम दाखवतो, आणि तोही सीबीसी या साध्या रक्ततपासणीत. रक्तद्रव बाहेर गेला तरी तांबड्या पेशी वाहिनीतच राहतात, त्यामुळे रक्तातील त्यांचे प्रमाण चढते. एखाद्या मुलीचा नेहमीचा पीसीव्ही ३५ असेल आणि तो ४२ झाला, तर ती २० टक्के वाढ झाली; एवढी वाढ लक्षणीय गळतीची खूण मानतात. पण ४२ हा आकडा एरवी अहवालात सामान्य म्हणूनच छापला जातो. आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या, म्हणजे मुळातच पीसीव्ही कमी असलेल्या मुली आणि स्त्रिया पुष्कळ आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन-तीन दिवसांतला अहवाल म्हणूनच जपून ठेवावा आणि पुढचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. सलाईन दिल्यावर पीसीव्ही उतरतो, हे खरे. परंतु तो उतरत असताना नाडी जलद आणि क्षीण होत असेल, तर आत कोठे रक्तस्राव तर होत नाही ना, हे डॉक्टरांना तातडीने पाहावे लागते.

ताप उतरल्यावर थांबवून घेण्याचे कारणही हेच. गळतीचा काळ साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुधा ताप उतरताना सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. त्या वेळी पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर घरी वाट पाहू नये. गळती थांबल्यावर बाहेर गेलेले पाणी पुन्हा रक्तात परतते. तेव्हाही सलाईन भरभरून चालू ठेवले, तर फुप्फुसांवर ताण येतो. म्हणून ‘अजून एक बाटली लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी कृपया धरू नये.

प्लेटलेटविषयी थोडक्यात : सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लेटलेट २०,००० किंवा त्याखाली असूनही, मोठा रक्तस्राव नसलेल्यांना त्या केवळ खबरदारी म्हणून चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. भाचीच्या ६०,०००ला, रक्तस्राव नसल्यास, त्या देण्याचे कारणच नव्हते.

प्रश्न : करोनाच्या काळात आम्ही डी-डायमर तपासत होतो. तोही रक्तवाहिन्यांच्या इजेचाच घटक का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. रक्ताची गुठळी तयार होऊन विरघळू लागली की तिचे जे तुकडे उरतात, ते म्हणजे डी-डायमर. वाहिनीच्या अस्तराबद्दल तो थेट काही सांगत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात व वाढत्या वयातही तो वाढलेला असतो. करोनाच्या अतिदक्षता विभागातील रुग्णांत अस्तराशी निगडित फॉन विलेब्रांड घटक बराच वाढल्याचे २०२० मध्ये दिसून आले होते. आता काही त्रास नसताना डी-डायमर वरचेवर तपासू नये. एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला किंवा अचानक दम लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.