पाटी बदलायची की विकायची रीत?

(वाचकांचे प्रश्न. या महिन्यात कॉम्प्युटर गेम विकणाऱ्यांची तीन पत्रं)

प्रश्न: नमस्कार भाऊ. आम्ही दोघं भाऊ हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राह्यतो. २००९ पासून लेकरांसाठी पाढ्यांचे अन् शब्दांचे गेम बनवून सीडीवर विकतो. नाव आमच्या आजीचं ठेवलं होतं. शाळेत जायचं, गुरुजीले चालवून दाखवायचं, ६० रुपयाले एक सीडी. आता नवीन लॅपटॉपमधी सीडी टाकायची सोयच नाही, तीन वर्षांपासून विक्री पार बसली. भाचा पुण्यात शिकते, तो म्हणते मामा हे म्हातारं नाव इंटरनेटवर चालत नाही, झकास इंग्रजी नाव ठेवा. तीन नावं त्यानं सुचवली, सोबत लिहून पाठवली आहेत. एक डिझायनर नाव, लोगो अन् वेबसाइटचे मिळून ३५ हजार मागून राह्यला. सोयाबीनचे पैसे हातात आहेत. देऊन टाकू का? (दोघं भाऊ, जि. वर्धा)

उत्तर: भाऊ, देऊ नका. निदान आत्ता तर नकाच.

पत्रासोबत तुम्ही सीडीचं कव्हर पाठवलं ते मी टेबलावर ठेवून बराच वेळ पाहत होतो. आकडे भरलेली बैलगाडी, वर आजीचं नाव, किंमत ५० छापलेली ती पेनानं खोडून ६० केलेली, आणि खाली मोबाईल नंबर. माझ्या मते या कव्हरवरची सगळ्यात महागाची गोष्ट तो नंबर आहे. पंधरा वर्षांत जेवढ्या शाळांत ही सीडी गेली तेवढ्या कपाटांत तो नंबर पडून आहे, आणि कोण्या गुरुजींना कधी वाटलं की हा गेम मोबाईलवर मिळतो का विचारावं तर ते तोच नंबर लावतील. ते सिम रिचार्ज न करता बंद पडू देऊ नका आणि त्याच नंबरवर आजच व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा, याला पैसे लागत नाहीत.

आता नावाचं. भाचा पूर्ण चूक नाही. नुसतं आजीचं नाव सर्च केलं तर त्या नावाच्या बायांचे प्रोफाइलच येतात, मी करून पाहिलं, तुमचा गेम कुठंच नाही. पण त्यानं दिलेली तीन इंग्रजी नावं मी आमच्या बसस्टँडवर झेरॉक्सवाला, मेडिकलवाला आणि अकरावीतल्या दोन पोरी अशा चौघांना एकेकदा तोंडी सांगितली आणि म्हटलं मोबाईलवर टाइप करा. तिन्हीपैकी एकही नाव चौघांनी सारखं टाइप केलं नाही. आजीचं दोन अक्षरी नाव मात्र चौघांनीही एकाच स्पेलिंगनं लिहिलं. इंटरनेटवर पाटी म्हणजे स्पेलिंगच आहे भाऊ, एक अक्षर चुकलं की माणूस दुसऱ्याच दुकानात जातो. म्हणून आजीचं नाव ठेवा आणि त्याला 'पाढे' असा एखादा साधा शब्द जोडा. 'खेळ' जोडायचा मोह होईल, पण ळ ला रोमनमध्ये स्वतःचं अक्षर नाही, आणि 'वऱ्हाड' तर पाच जण पाच तऱ्हेनं लिहितील. बोलून पाहा, टाइप करवून पाहा, मगच पक्कं करा.

मोठं नाव ठेवून कोणी मोठं झालं नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत टिम स्वीनी नावाच्या पोरानं १९९१ मध्ये आईबापाच्या घरून पोटोमॅक कॉम्प्युटर सिस्टिम्स या नावानं गेम विकणं सुरू केलं, दुसऱ्याच वर्षी नाव केलं एपिक मेगागेम्स, कारण त्याला एकट्याला मोठी कंपनी दिसायचं होतं. ती आजची एपिक गेम्स. पण त्याच्या हातात तेव्हा चालणारा गेम होता, टपालानं ऑर्डरी येत होत्या, नाव त्यावर चढलं. उलटं उदाहरण अ‍ॅक्टिव्हिजनचं. १९७९ पासून गेममध्ये नावाजलेली कंपनी, १९८८ मध्ये ऑफिसची सॉफ्टवेअरं पण विकायची म्हणून मीडियाजेनिक असं नाव घेतलं, धंदा कर्जात गेला आणि १९९२ मध्ये नवीन मालकांनी जुनं नाव परत लावलं, कारण लोकांच्या मनात तेच होतं.

मला हे जवळून माहीत आहे. २०१२ साली मी माझ्या दुकानाचं नाव बदललं होतं, नवीन फ्लेक्स लावला, आणि पुढच्या आठवड्यात मोर्शीकडचं एक जुनं गिऱ्हाईक दुरुस्तीचा कॉम्प्युटर पोत्यात बांधून अख्खी गल्ली जुन्या नावानं विचारत फिरलं आणि शेवटी दुसऱ्याकडं देऊन गेलं. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यापुढे येतो, त्याची काहीच चूक नव्हती.

तुमची खरी अडचण नाव नाही, विकायची रीत आहे. गेम मोबाईलवर आणा. सीडी एकदा विकली की संबंध संपला, मोबाईलवर तसं नसतं. आधी थोडं फुकट द्यावं लागतं. ही काही नवी गोष्ट नाही, टेक्सासच्या अ‍ॅपॉजी सॉफ्टवेअरनं १९८७ पासून हेच केलं, गेमचा पहिला भाग फुकट वाटायला सोडायचा, आवडला तर पुढचे भाग पैसे पाठवून मागवायचे. तुम्ही २ ते १० चे पाढे फुकट ठेवा, ११ ते ३० ला पैसे लावा. गुरुजी वर्गात दाखवतील, लेकरू घरी बापाचा मोबाईल ओढेल.

खर्च सांगतो. गुगल प्लेवर गेम टाकायला जे डेव्हलपर खातं लागतं त्याचे एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक नवं खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करायच्या आधी १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टर, म्हणजे गेम आधी वापरून पाहणारे, म्हणून जोडलेलं राहावं लागतं. इथं तुमचे जुने गुरुजी कामाला येतील, बारा गुरुजी तर तुमच्या वहीत सहज निघतील. प्लेवरून झालेल्या विक्रीत वर्षाला पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५ टक्के गुगलचे, आपल्याला एवढाच हिशोब पुरे. कॉम्प्युटरचा गेम तसाच विकायचा तर स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका गेमचे १०० डॉलर भरावे लागतात, पण तुमचं गिऱ्हाईक तिथं नाही, ते पैसे वाचवा. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर मात्र फुकट टाकता येतो, तिथं त्यांना किती हिस्सा द्यायचा ते पण आपणच ठरवतो, शाळेच्या कॉम्प्युटरसाठी तो रस्ता बरा.

एक गोष्ट मात्र नीट वाचा, कारण ही चुकली की दुरुस्त होत नाही. प्लेवर डेव्हलपरचं नाव, गेमचं नाव, आयकॉन सगळं नंतर बदलता येतं, पण अ‍ॅपचं आतलं पॅकेज नेम, म्हणजे प्ले ज्यावरून अ‍ॅप ओळखतं ते नाव, एकदा चढलं की कायमचं. भाच्याच्या नादानं त्यात नवीन इंग्रजी नाव टाकलं आणि सहा महिन्यांनी मन फिरलं तर ते तसंच राहील, नाहीतर नवीन अ‍ॅप टाकून सगळे डाउनलोड अन् रिव्ह्यू शून्यापासून. त्यात आजीचं नाव टाका. ते तर बदलणार नाही.

लोगोसाठी बैलगाडी पुरेशी आहे. फक्त गाडीतले आकडे काढून टाका. डिझायनरनं पाठवलेल्या नमुन्यात सूर्य, पुस्तक, माऊस, पोरगी इतकं सगळं आहे, ते मोबाईलवर नखाएवढ्या आयकॉनमध्ये मी लावून पाहिलं तर तपकिरी डाग दिसतो. एक चाक आणि एक बैल, बस.

उरलेल्या पैशातून ट्रेडमार्कचा, म्हणजे नाव आपल्या नावावर नोंदवायचा, अर्ज करा. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर तेच नाव कोणी घेतलंय का ते फुकट शोधता येतं. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे (म्हणजे मालाच्या एका प्रकाराचे) ४,५०० रुपये, डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं. मिळाला की १० वर्षं चालतो, मग रिन्यू. आपला भाग मुंबई ऑफिसकडे आहे पण अर्ज घरून होतो, चकरा नाहीत.

प्रश्न: दादा, मी दारव्ह्याची, बीएस्सी झालंय. मैत्रिणीसोबत लगोरीचा मोबाईल गेम केला. आमच्या ग्रुपच्या नावात 'गेमिंग' आहे, घरचे म्हणतात सरकारनं गेमिंग बंद केलं, पोलीस येतील. नाव बदलू का?

उत्तर: ताई, पोलीस येणार नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतो, त्यांची जाहिरात आणि बँकेचे व्यवहार पण बंद. पैसे न लावता खेळायचे सोशल गेम आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, यांना त्याच कायद्यात प्रोत्साहन आहे. तुमच्या लगोरीत कोणी पैसे लावत नाही, जिंकून पैसे मिळत नाहीत, म्हणून तुम्ही या बंदीच्या बाहेर. तरी मी शब्द बदलायलाच सांगीन, कारण गावात रमीपायी कर्जात गेलेली घरं आहेत आणि तिथल्या आईला 'गेमिंग' वाचून धडकी भरते, तिला कायद्याचं कलम कोण समजावणार. तुमचा गेम अजून प्लेवर नाही तर आत्ताच बदलणं सोपं आहे. आणि माहितीत पहिल्याच ओळीत लिहा, यात पैसे लागत नाहीत, लागतच नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे गेमच्या ४०० सीडी पडून आहेत, फेकू का? (आर्णी)

उत्तर: फेकू नका. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत जुने कॉम्प्युटर अजून सीडी वाचतात, त्यांना नुसत्या देऊन टाका. फक्त प्रत्येकीवर एक स्टिकर लावा, नाव बदललं असेल तर त्यावर नवीन नाव, त्याखाली 'आधीचं नाव' म्हणून जुनं, आणि गेम मोबाईलवर आणला असेल तर तो उघडायचा क्यूआर कोड. ४०० स्टिकर तालुक्याच्या कोणत्याही प्रेसमध्ये होतात. कोड छापायच्या आधी तीन वेगळ्या मोबाईलवर स्कॅन करून पाहा.