वाचकांचे प्रश्न : ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्ससाठी कोणते पुस्तक घ्यावे?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्ससाठी आमचे सर बॉयलस्टॅड वाचायला सांगतात, सीनियर विद्यार्थी सेड्रा-स्मिथचे नाव घेतात आणि वर्गातील बहुतेक जण गाइडवर भागवतात. मला एकच पुस्तक विकत घेणे शक्य आहे. ते कोणते असावे?
— एक विद्यार्थिनी, ता. शहादा

उत्तर : एकच पुस्तक घेता येणार आहे याची खंत बाळगू नका. कागद-पेन्सिल घेऊन एक पुस्तक नेटाने वाचणारा विद्यार्थी पाच पुस्तके चाळणाऱ्यापेक्षा या विषयात अधिक शिकतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते एक पुस्तक केवळ नावावरून न घेता पारखून घ्यावे. त्यासाठी ग्रंथालयात या पुस्तकांतील ट्रान्झिस्टरच्या बायसिंगचे (म्हणजे ट्रान्झिस्टरला योग्य प्रवाहावर आणि व्होल्टेजवर स्थिर बसवण्याचे) प्रकरण शेजारी शेजारी उघडून ठेवा आणि ट्रान्झिस्टरच्या बेस, कलेक्टर व एमिटर या तीन टोकांपैकी एमिटरला रोध का जोडतात, याचे कारण कोणते पुस्तक तुम्हाला खरोखर पटवून देते ते पाहा.

हेच प्रकरण का, ते एका उदाहरणाने सांगतो. बाजारात सहज मिळणारा बीसी ५४७ बी हा ट्रान्झिस्टर घ्या. त्याचा बीटा, म्हणजे कलेक्टरचा प्रवाह बेसच्या प्रवाहाच्या किती पट असतो तो आकडा, २०० ते ४५० यांच्या दरम्यान कितीही असू शकतो, असे त्याची डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) सांगते. बीटा २०० धरून, बेसला ५ मायक्रोॲम्पिअर प्रवाह देऊन तुम्ही परिपथ आखला, तर कलेक्टरचा प्रवाह १ मिलिॲम्पिअर येतो. पुरवठा १२ व्होल्टचा आणि कलेक्टरचा रोध ५.६ किलो-ओहमचा असेल, तर रोधावर ५.६ व्होल्ट पडतात आणि ट्रान्झिस्टर मध्यावर छान बसतो. आता त्याच पाकिटातील दुसरा नग लावला आणि त्याचा बीटा ४५० निघाला, तर प्रवाह २.२५ मिलिॲम्पिअर व्हायला हवा. पण त्यासाठी रोधावर १२.६ व्होल्ट पडावे लागतील आणि पुरवठा तर १२ व्होल्टचाच आहे. ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये जातो, म्हणजे त्याचा प्रवाह आणखी वाढूच शकत नाही, आणि ॲम्प्लिफायर बंद पडतो. गणितात चूक नसताना प्रॅक्टिकलला आउटपुट का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथेच असते.

याउलट दोन रोधांच्या विभाजकाने बेस १.७ व्होल्टवर धरला आणि एमिटरला १ किलो-ओहमचा रोध दिला, तर एमिटरवर सुमारे १ व्होल्ट राहतो आणि बीटा २०० असो वा ४५०, प्रवाह १ मिलिॲम्पिअरच्या आसपासच राहतो. तापमानाचेही तसेच आहे. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते, म्हणजे २५ अंशांना जुळवलेला परिपथ जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील ४५ अंशांत ४० मिलिव्होल्टने सरकतो. बेसचे व्होल्टेज पक्के धरून एमिटर थेट ग्राउंडला जोडला असेल, तर एवढ्या फरकाने प्रवाह चौपटीच्या पुढे जातो. एमिटरला १ किलो-ओहमचा रोध असेल, तर तो जेमतेम ४ टक्के वाढतो. खानदेशच्या विद्यार्थ्याला हा धडा समजला नाही, तर उन्हाळ्यात त्याची फार पंचाईत होते. ज्या पुस्तकात ही कारणमीमांसा सूत्राच्या आधी येते, ते पुस्तक घेण्याजोगे समजावे.

बॉयलस्टॅड आणि नॅशेल्स्की यांच्या पुस्तकात सोडवलेली उदाहरणे भरपूर आहेत आणि गणित बहुतांशी बीजगणिताच्या पातळीवर राहते, त्यामुळे सरांचा सल्ला चुकीचा नाही. सेड्रा-स्मिथ १९८२ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचा आवाका मोठा आहे, परंतु परिपथ-सिद्धांत कच्चा असलेल्याला ते पहिल्या वाचनात दमवते. थेवेनिनचा सिद्धांत आणि किरचॉफचे नियम सहज वापरता येत नसतील, तर आधी महिनाभर तेच पक्के करा, कारण या विषयातील बऱ्याच अडचणी मुळात तिथल्या असतात.

तुमच्यासाठी माझी निवड बेहझाद रझावी यांचे ‘फंडामेंटल्स ऑफ मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स’ ही आहे. परिपथाचा प्रत्येक भाग कशासाठी जोडला, हे ते पायरीपायरीने विचारत जातात, त्यांची इंग्रजी वाक्ये सोपी आहेत आणि त्यांची स्वतःची व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य ऐकता येतात. एक प्रकरण वाचावे, त्यावरचे व्याख्यान ऐकावे आणि मग पुस्तक मिटून तोच परिपथ मैत्रिणीला मराठीत किंवा अहिराणीत समजावून सांगावा. जिथे अडखळाल, तिथे पुन्हा वाचावे. इंग्रजीची भीती अशाने लवकर कमी होते. सरावाची गणिते ग्रंथालयातील बॉयलस्टॅडमधून सोडवा. सेड्रा-स्मिथ तिसऱ्या वर्षी हाती घ्या. तोवर ते जड वाटणार नाही. ऑप-ॲम्पला (ऑपरेशनल ॲम्प्लिफायर या तयार ॲम्प्लिफायर-चिपला) पोहोचाल तेव्हा रमाकांत गायकवाड यांचे पुस्तक ग्रंथालयातून आणावे.

गाइडविषयी स्पष्टच लिहितो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रश्नांचे स्वरूप पाहण्यासाठी त्याचा उपयोग आहे, शिकण्यासाठी नाही. परिपथातील एक रोध इकडचा तिकडे केला की पाठ केलेले उत्तर निरुपयोगी होते. गाइडचे पैसे वाचवून त्यात ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता परिपथ जोडण्याची पाटी) आणि साधा मल्टिमीटर आणला, आणि वर दिलेले दोन्ही परिपथ स्वतः जोडून कलेक्टरचे व्होल्टेज मोजले, तर बायसिंग कायमचे लक्षात राहील. संगणक असेल, तर परिपथ संगणकावर चालवून पाहण्याचे एलटीस्पाइस हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. पण आधी हाताने अंदाज काढावा आणि नंतरच संगणकाला विचारावे.

प्रश्न : मुलासाठी शेजारच्या मुलाकडून सेड्रा-स्मिथची जुनी, चौथी आवृत्ती अल्प किमतीत मिळत आहे. ती घ्यावी का?
— एक पालक, यावल

उत्तर : पाने शाबूत असतील तर अवश्य घ्यावी. ट्रान्झिस्टरचे भौतिकशास्त्र आवृत्तीगणिक बदलत नाही. चौथ्या आवृत्तीत बायपोलर ट्रान्झिस्टर (वरच्या उत्तरातला बेस-कलेक्टर-एमिटरवाला) आधी आणि मॉसफेट हा दुसऱ्या प्रकारचा ट्रान्झिस्टर नंतर येतो. पाचव्या आवृत्तीपासून हा क्रम उलटा झाला आहे, त्यामुळे वर्गात मॉसफेट आधी शिकवत असतील, तर मुलाने प्रकरणे त्या क्रमाने वाचावीत. स्वाध्यायांचे क्रमांक नव्या आवृत्तीशी जुळणार नाहीत. शिक्षकांनी नेमून दिलेली गणिते त्याला वर्गमित्राच्या प्रतीतून उतरवून घ्यावी लागतील.