राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि पप्पांची वही

ह्यूस्टनमधून एक ताई लिहितात: "आई-पप्पा कोल्हापुरात, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ दोघंच राहतात. पप्पा 76 वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले. पाऊस लागला की मी इथं रात्रभर मोबाइलवर 'राजाराम बंधारा किती फूट' बघत बसते. भाऊ म्हणतो, दोघांना पुण्यात फ्लॅट घेऊन देऊ. पप्पा ऐकत नाहीत. गल्लीतल्या मंडळाला दरवर्षी पैसे पाठवायचे, म्हणजे वेळेला पोरं लक्ष देतील, असं माझ्या मनात आहे. बरोबर आहे ना?"

ताई, बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट आहे, ते तुमच्याआधी पप्पांना कळलेलं असतं. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला आणि परत 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. तेव्हापासून राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की कुंभार गल्लीत आधी गणपतीच्या मूर्ती हलवायला घेतात, मग घरातला टीव्ही माळ्यावर चढतो. माहिती भरपूर आहे. प्रश्न दारात पाणी आल्यावर हाक कुणाला मारायची, हा आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये माझ्या मावससासूबाई तुमच्याच भागात वरच्या मजल्यावर अडकल्या. वीज नाही, खाली छातीभर पाणी, शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे पुण्याचा मुलगा निघूनही पोचणार नव्हता. मी एका हेल्पलाइनला तासभर फोन लावत होते. लागला नाही. त्यांना शेवटी बाहेर काढलं तालमीच्या चार पोरांनी, गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, होडीसारखी ढकलत आणून. जिन्यात उभा राहून त्यातला एक ओरडला, "काकी, गुडघ्याचा पट्टा घेतलासा का?" पट्टा खरंच कपाटात राहिला होता. त्या पोराला तो कसा माहीत? काकी दरवर्षी मंडळाच्या महाप्रसादाचा शिरा स्वतः उभं राहून करून घ्यायच्या आणि करता करता गुडघ्याची तक्रार सगळ्यांना ऐकवायच्या. त्यांनी वर्गणी कधी जास्त दिल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून पैशांचं नंतर बघू. आधी पप्पांना कामाला लावा.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला याहून सोपं काम नाही: गल्लीची वही. कुठल्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाच्या घराची किल्ली कुणाकडे, गॅस सिलिंडर कुठं ठेवलाय, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं. एक प्रत मंडळात, एक घरात उंचावर प्लॅस्टिकच्या बरणीत, औषधांच्या पट्ट्यांसोबत. दर मे महिन्यात दारोदार जाऊन ती तपासायची. दारोदार जाण्यात चहा होतो, चहात ओळख होते. पुरानंतर चिखल काढायला पहिली पोरं कुठल्या घरात शिरतात, ते मी दोनदा पाहिलंय. आईंना विचारा, त्या काय करतील. भाकरी-चटणीची जबाबदारी आपण होऊन त्यांच्या अंगावर टाकू नका. कदाचित त्यांना फोनवर बसायला आवडेल. जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 आणि पोलिसांचा 112 त्यांच्या फोनमध्ये असू देत, पण त्यांच्या वर मंडळातल्या दोन पोरांचे नंबर हवेत. तुमच्याही फोनमध्ये.

आता पैसे. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, हातात ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखाली, नोंदणी नसलेल्या मंडळाला ती घेता येत नाही. 'पप्पांच्या खात्यावर टाकते, ते पुढं देतील' ही पळवाट काढू नका, म्हातारपणी त्यांना कागदपत्रांत अडकवाल. आणि कृपा करून जुने कपडे पाठवू नका. 2019 ला आलेल्या कपड्यांच्या ढिगात आम्ही आठवडाभर भिजलेल्या साड्या आणि एकेक बूट निवडत बसलो होतो.

पुण्याच्या फ्लॅटबद्दल मी काही बोलणार नाही. तो तुमचा घरचा मामला आहे. पण तिथं गुडघ्याचा पट्टा कुणाला माहीत असेल, एवढं भावाला विचारा.

एक जरा आगाऊ प्रश्न: ह्यूस्टनमध्ये तुमच्या शेजारच्या घरात कोण राहतं? 2017 च्या हार्वे वादळात तिथं लोकांनी आपापल्या बोटी काढून अनोळखी माणसांना बाहेर काढलं होतं, म्हणजे काहील तिथंही आहे. 'सर्ट' (CERT) नावाचं, आपत्तीत शेजाऱ्यांना मदत कशी करायची याचं प्रशिक्षण लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने 1985 मध्ये सुरू केलं आणि 1993 पासून ते देशभर मिळतं. साधारण 20 तासांचं असतं: प्रथमोपचार, लहान आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणूस काढणं. मुलं मोठी असतील तर त्यांनाही घेऊन जा. रात्री बंधारा बघण्यापेक्षा तेवढा वेळ बरा जाईल, आणि पप्पांना फोनवर सांगायला काहीतरी असेल.

वहीचा विषय काढाल तेव्हा ते म्हणतील, "मला काय करायचंय गल्लीचं?" वाद घालू नका. दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी आईंचा फोन येईल, की हे सकाळपासून जुनी लेजरं उपसून कोरी वही शोधतायत.