पहिली मालवाघीण: आधी चारही चाके टेकवा

४ मिमी मापात (खऱ्या एका फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६.२) ब्रिटिश रेल्वेचे मॉडेल करायचे तर इंजिनाआधी चारचाकी मालवाघिणीचा प्लास्टिक किट घ्या. १० फुटी चाकतळ (पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर) म्हणजे मॉडेलमध्ये ४० मिमी. कॅलिपरने दोन्ही बाजू मोजा. अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी आस तिरके बसतात आणि गाडी काट्यावर (रुळाला फाटा फुटतो तिथे) घसरते. बाजू चिकटवताना चाके आत बसवूनच ठेवा, काचेवर उभी करून एकही चाक डुलत नाही ना ते बघा, मग रात्रभर सुकू द्या. ही पायरी कधीही घाईत उरकू नका. ओओ रुळासाठी (४ मिमी मापाचा प्रचलित मॉडेल रूळ) चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १४.५ मिमी. वाघिणीचे वजन साधारण ५० ग्रॅम हवे. मात्र वजनासाठी घातलेले शिशाचे छर्रे पीव्हीए गोंदाने (पांढऱ्या लाकडी गोंदाने) चिकटवू नका, काही वर्षांनी शिसे फुगून तळ फोडते.